आप्पांच्या घराचा गिलावा

शकू,

तू गेलीस हे मला बालाजीच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून कळलं. शाळेच्या सहलीतला तुझा फोटो, त्याभोवती झेंडूच्या फुलांची चौकट, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली त्याच्या क्लासचं चिन्ह. 'अकरावी-बारावीचे प्रवेश सुरू' ही ओळसुद्धा तिथं तशीच होती, घाईत काढायची राहिली असणार. मी नांदेडला स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. रडू आलं नाही. संताप आला, आणि तो बालाजीचा नाही, तुझा आला. कॉलेजपासूनची मैत्रीण, आणि तिचं मरण मला क्लासच्या जाहिरातीतून कळावं?

दर आठवड्याला फोनवर बोलायचो आपण. "लातूरला जाऊन आले, संस्थेचं काम होतं," असं तू म्हणायचीस, आणि मी बावळटासारखी विश्वास ठेवायची. संस्थेचं काम! दवाखान्यात जात होतीस तू. तुझा आवाज खोल गेला होता, मी विचारलंही, तर म्हणालीस, "थंडी लई पडून राहिली गं." मी माझ्या गुडघ्याच्या तक्रारी तुला तास तास ऐकवल्या आणि तू हं हं करत ऐकत बसलीस. याला काय सोसणं म्हणायचं? मला हा सरळ सरळ लबाडपणा वाटतो. अजून महिनाही झालेला नाही आणि लोक मला सांगतात, गेलेल्या माणसावर रागवू नये. मग कुणावर रागवू? जिवंत माणसं तर फोनच उचलत नाहीत.

तुझ्या तेराव्यानंतर बालाजीचा फोन आला. तोच बालाजी, जो लातूरच्या शाळेत तुझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा आणि ज्याला तू नागरिकशास्त्राच्या तासाला अंगठे धरून उभं केलं होतंस. आता लातूरच्या निम्म्या चौकांत त्याचा चेहरा आहे, हातात हात घेतलेल्या डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांसकट. नांदेडलाही त्याची शाखा निघाली, आमच्या घराच्या मागच्याच गल्लीत. त्या गल्लीत पूर्वी पिठाची गिरणी आणि एक सायकलवाला होता. आता सगळी होस्टेलं आणि मेस. सकाळी दूधवाला येण्याआधी पोरं पाठीला दप्तर लावून निघतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही.

"मॅडम, बाईंच्या नावानं आपण आप्पांच्या घरात एक खोली करून राहिलो," तो म्हणाला. "रविवारी मुलांना घेऊन जाणार आहे. तुम्ही या. बाईंविषयी चार ओळी लिहून द्या, फलकावर टाकायला. तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार?"

मी नाही म्हणणार होते. आप्पांच्या त्या घरात पाऊल ठेवायचं नाही, असं मी तुला तोंडावर सांगितलं होतं आणि तो शब्द मी इतकी वर्षं पाळला. पण आता ज्या माणसाला दिला तेच राहिलं नाही, तर शब्द पाळून करायचं काय? मी बसमध्ये बसले.

वाटेत आपलं भांडण मी पुन्हा पहिल्यापासून उगाळलं. ते तुला पाठ आहे, पण मला पुन्हा म्हणू दे, कारण शेवटची ओळ कुणाची हे अजून ठरलेलं नाही.

आप्पा तुझ्या गावचे. तुमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. निजामाच्या काळात त्यांनी राज्य म्हणजे काय यावर पुस्तिका लिहिल्या आणि त्यासाठी मार खाल्ला, आणि निजाम गेल्यावर आपल्याच पुढाऱ्यांवर त्याच सुरात लिहिलं आणि त्यासाठी वाळीत पडले. नांदेडला राज्यशास्त्राच्या वर्गात तू त्या पुस्तिका पिशवीतून आणायचीस, पिवळ्या पडलेल्या, कोपरे गेलेल्या. नदीच्या घाटावर बसून आपण त्या वाचायचो, मी घरून अर्धापुरी केळी आणायची, तू चार खायचीस आणि साल माझ्या हातात द्यायचीस. त्यातली एक पुस्तिका पुतळ्यांविरुद्ध होती. माणसाचा पुतळा झाला की त्याच्याशी भांडता येत नाही, आणि ज्याच्याशी भांडता येत नाही त्याचा समाजाला उपयोग नाही, असं आप्पांचं म्हणणं. ते वाक्य आपण दोघींनी एकाच वेळी पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं.

मग ज्या माणसानं जन्मभर हे लिहिलं त्याचं बालपणीचं घर नव्यानं बांधून, काचेच्या कपाटात त्याचा तांब्या ठेवून तुम्ही काय मिळवलंत? हे मी तुला विचारलं. खरं घर तर भूकंपात पडलं होतं. मूळ जागी काही उरलेलं नव्हतं, नुसत्या बाभळी. नवीन गावात, सडकेला लागून, बस वळायला सोयीचं म्हणून तिथं घर उभं केलंत, आणि त्याला म्हणायचं आप्पांचं घर! "नकली घर" म्हणायची मी त्याला. तू फोटो पाठवलास की मी लिहायची, "नकली घराला नमस्कार." आणि तू एवढंच म्हणायचीस, "पुतळा आणि घर एक न्हाई, उषा. घरात भांडता येतं. एकदा येऊन बघ."

एकदा येऊन बघ. बास, एवढंच. कारण सांगितलं नाहीस. ये म्हणालीस, कशाला ते सांगितलं नाहीस. आता लोकांना वाटेल मी माझ्या हट्टाबद्दल पश्चात्ताप करीन. मुळीच नाही. तू तोंड उघडलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी आले असते. मूग गिळून बसलीस ती तू.

फाट्यावर उतरले. तुझं नवीन गाव मी त्या पत्र्याच्या शेडांच्या दिवसांनंतर पहिल्यांदा बघत होते. तेव्हा तू एका शेडच्या दाराशी बसली होतीस. तुझी आई आणि बहीण मंगल यांना ढिगाऱ्यातून काढून दोन आठवडे झाले होते. गणपती विसर्जनाची रात्र म्हणून मंगल गावी थांबली होती, नाहीतर तीही तुझ्याबरोबर लातूरलाच असती, हे तू मला कोरड्या आवाजात सांगितलंस. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणालीस, "बोलू नको. बस नुसती." मी बसले. त्यानंतर तू या विषयावर माझ्याशी कधीच बोलली नाहीस आणि मीही तुला विचारलं नाही. आपण लोकशाहीवर भांडलो, पंचायतीवर भांडलो, तुझ्या शाळेनं नागरिकशास्त्राचे तास काढून भौतिकशास्त्राच्या चाचण्यांना दिले तेव्हा तर मुख्याध्यापकांना काय काय बोलायचं याची दोघींनी मिळून तालीम केली. तू नोकरी सोडून गावी आलीस आणि आप्पांच्या घराच्या मागे लागलीस. आईचं नाव मात्र निघालं नाही.

गाव आता गावासारखं वाटत नाही. रस्ते नको तेवढे रुंद, घरं सगळी एका मापाची. त्या सगळ्या सिमेंटच्या पेट्यांमध्ये आप्पांचं घर एकटंच दगडाचं. जाड भिंती, वर मातीचं सपाट माळवद, बुटकं दार. जुन्या गावात सगळी घरं अशीच होती आणि त्या रात्री त्या दगडांनी आणि त्या माळवदाच्या मातीनंच माणसं मारली. म्हणूनच की काय, घराच्या अंगणात, पत्र्याच्या सावलीत गावातल्या म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या आणि एकही आत गेलेली नव्हती. दारात क्लासच्या दोन बस उभ्या होत्या.

आत शिरले आणि माझं डोकं फिरलं. पहिल्या खोलीत टेबल, खुर्ची आणि कंदील. टेबल! आप्पांच्या घरात टेबल कुठलं आलं? तू सांगायचीस, ते शेतातल्या मचाणावर बसून पोत्यावर कागद ठेवून लिहायचे. भिंतीवर मोठा फ्लेक्स: 'बालपणापासून कुशाग्र बुद्धी. वर्गात कायम पहिला क्रमांक. अखंड परिश्रम.' बालाजी मुलांसमोर उभा राहून सांगत होता, "साधनं नव्हती, क्लास नव्हते, तरी जिद्द बघा. तुम्हाला तर सगळं हातात मिळतं."

माझ्या शेजारी एक मुलगी उभी होती, बारीक चणीची, डोळ्यांखाली काळं. तिनं हळूच विचारलं, "मॅम, हे कितवीपर्यंत शिकले?"

"सातवीत काढून टाकलं शाळेतून," मी म्हणाले. "इन्स्पेक्टर आला होता. यांनी त्याला विचारलं, आमच्या गावचा सारा घेऊन तुम्ही गावाला काय देता? दुसऱ्या दिवशी नाव कमी केलं. पुन्हा शाळेत गेले नाहीत."

"म्हणजे नापास?"

"नापास व्हायलाही बसू दिलं नाही."

ती हसली. खरं सांगते शकू, त्या पोरीचा चेहरा एकदम सैल झाला, कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं तसा. तिनं मैत्रिणीच्या कानात काही सांगितलं, तीही हसली. लगेच एक सर आले आणि म्हणाले, "मुलींनो, शिस्त." माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू मीच वर्गात उशिरा आलेली विद्यार्थिनी.

हे सगळं तुझ्या डोळ्यांसमोर झालं ना? फ्लेक्स लागला तेव्हा तू होतीस. मी बालाजीला बाजूला घेऊन तेच विचारलं. तो ओशाळला, पण खोटं बोलला नाही. "बाई बोलल्या होत्या मला. लई तकरार झाली आमची. पण मॅडम, लाइटचं बिल, पावसात माळवद गळतं, ते सगळं क्लास बघून राहिला. बाई शेवटी म्हणल्या, फ्लेक्स काय, वाऱ्यानं फाटतो. भिंतीला मात्र हात लावू नको."

"मग हा आवाज कसला?"

आतल्या खोलीतून थापीचा आवाज येत होता. बालाजीनं मला आत नेलं. गवंडी एका भिंतीला गिलावा करत होता. निम्मी भिंत गुळगुळीत, राखाडी, ओली. निम्मी अजून दगडाची, वेगवेगळ्या आकाराचे, वेगवेगळ्या रंगाचे दगड, काही काळे, काही तांबूस. इथं यशवंतांची भिंत होणार होती. दर वर्षीच्या गुणवंतांचे फोटो, दिवे, आणि वर तुझं नाव. "हात लावू नको म्हणल्या ते बाहेरच्या भिंतीला, असं समजलो मी. बाईंची इच्छा होती की मुलं इथं यावीत," बालाजी म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. राग यायचा तो इथं. माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं.

खरं सांगू? त्या गिलाव्याचं मला तेव्हा विशेष काही वाटलं नाही. नकली घराची भिंत दगडाची राहिली काय आणि गुळगुळीत झाली काय. मला राग टेबलाचा आणि पहिल्या क्रमांकाचा. मी चार ओळी लिहून देणार नाही एवढं ठरवलं आणि बाहेर येऊन अंगणात त्या बायकांजवळ बसले.

त्यांतली एक म्हातारी, कोंडाबाई तिचं नाव, माझ्याकडे बघून म्हणाली, "तू उषा का? नांदेडची? शकूची मैत्रीण?"

"हो."

"आली शेवटी." मग दाराकडे मान करून, "आत कोण काम करून राहिलंय? थापी वाजून राहिली."

"गिलावा करताहेत आतल्या भिंतीला."

कोंडाबाई उठली. तिला उठायला काठी लागते, पण ती काठी न घेता उठली.

"कोणत्या भिंतीला?"

मी सांगितलं.

"ती आमची हाय," ती म्हणाली. "बाई, ती सगळी आमची माणसं हायत."

मग तिनं सांगितलं आणि शकू, मला तुझा गळा धरावासा वाटला.

भूकंपानंतर जुन्या गावातले दगड कुणी नव्या घराला लावले नाहीत. ज्या दगडानं माणूस मारला तो पुन्हा डोक्यावर घ्यायचा नाही, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. ढिगारे तसेच पडले होते, त्यांवर बाभळी उगवल्या. मरणारे इतके होते की सरणं एकत्रच पेटली. कुणाला वेगळी जागा नाही, वेगळी खूण नाही, आणि नव्या गावात रडायला सुद्धा कोपरा नाही, कारण सगळे कोपरे सारखे. आप्पांचं घर बांधायचं ठरलं तेव्हा तू घरोघर गेलीस. प्रत्येकीला म्हणालीस, ज्या जागी तुझं माणूस सापडलं तिथला एक दगड आणून दे. तुझ्या घराला लावू नको, आप्पांच्या घराला लाव. कोंडाबाईनं दोन दिले, तिची दोन लेकरं गेली होती. कुणी सासूचा दिला, कुणी नवऱ्याचा. बायकांनी स्वतः ते डोक्यावरून आणले, ट्रॅक्टरला हात लावू दिला नाही. ठेकेदाराला वाटलं, फुकट दगड मिळाला. संस्थेच्या विश्वस्तांना वाटलं, घर अस्सल दिसेल. तू फक्त एक अट घातलीस: या भिंतीला गिलावा नाही.

"आणि आत कोण जातं?" मी विचारलं.

"कोणच न्हाई. माळवदाखाली जीव घाबरतो. शकू बी उंबऱ्यापातूर जायची. आम्ही इथं बसून बघताव. दार उघडं असलं की ती भिंत इथून दिसती. आज पोरांच्या गर्दीनं काई दिसंना."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सगळ्या बायका एकाच बाजूला तोंड करून बसल्या होत्या.

"मला का नाही सांगितलं तिनं?" माझा आवाज चढला होता. "मी काय परकी होते?"

कोंडाबाई मला समजावणीच्या सुरात म्हणाली, "ती म्हणायची, उषाला सांगू नका. ती लेख लिहील. मग लोक येणार न्हाईत, अपशकुनी म्हणतील, आन् घर ओस पडंल."

वा! म्हणजे मी पेपरात लिहिते म्हणून माझ्यावर भरवसा नाही. माझ्या मैत्रिणीचा माझ्याबद्दलचा हा विश्वास. मी तिथं अंगणात, त्या बायकांच्या देखत तुला शिवी दिली. कोणती ते लिहीत नाही. कोंडाबाईला ती पटली.

मी बालाजीकडे धावले. काम थांबव म्हणाले. तो म्हणाला, "मॅडम, पण का?" कारण सांगायचं तर तुझं गुपित फोडायचं, आणि न सांगायचं तर गिलावा पुढे सरकतोय. तू मला कुठं आणून उभं केलंस बघ. मी अंधश्रद्धेवर लेख लिहिणारी बाई, आणि तिथं उभी राहून दगड अपशकुनी ठरतील का याचा विचार करत होते.

ते ओझं कोंडाबाईनं माझ्यावर ठेवलं नाही. ती दारापर्यंत आली. उंबऱ्याशी थांबली, चौकटीला हात लावला, आणि तिथूनच ओरडली, "सर! हे दगड माणसं मारलेले हायत. माझी दोन पोरं हायत यात. हात काढ म्हणावं त्याला."

सगळी पोरं वळून बघायला लागली. बालाजीचा चेहरा पांढरा पडला. "मावशी, हे काय बोलून राहिला तुम्ही? आधी कुणी सांगितलं का नाही?" मग माझ्याकडे वळून, खालच्या आवाजात, "मॅडम, परीक्षेचं वर्ष आहे मुलांचं. पालकांना कळलं तर काय म्हणतील? मी यांना कुठं घेऊन आलो?"

आणि तो घाबरला होता, शकू. खरोखर घाबरला होता. ज्या माणसाच्या क्लासात दिवसभर विज्ञान शिकवतात तो भिंतीपासून दोन पावलं मागे सरकला. मला हसू आलं आणि राग तसाच राहिला. "तुमच्या मुलांना इथं काही होणार नाही," मी म्हणाले. "त्यांना जे व्हायचं ते तुमच्या होस्टेलात होतंय. त्या पोरीचे डोळे बघितलेत का?"

त्यानं मला हात जोडले, कोंडाबाईलाही जोडले, आणि मुलांना बसमध्ये बसायला सांगितलं. विश्वस्तांशी बोलतो म्हणाला. त्याचं काय होईल मला ठाऊक नाही. बिलाचं काय होईल तेही नाही. ती बारीक पोरगी जाताना बसच्या खिडकीतून त्या भिंतीकडे बघत होती, आणि ती घाबरलेली दिसत नव्हती, एवढं मात्र मी पाहिलं.

गवंड्यानं थापी खाली ठेवली होती. दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावले. तो शेजारच्या गावचा, त्याच्याही घरचं कुणीतरी त्या रात्री गेलेलं असणार. म्हणाला, "मला मालूम नव्हतं मावशी. काढायचा असल तर आत्ताच काढा. पाणी मारत खरवडा. ऊन चढलं की घट्ट धरील, मग छिन्नीबिगर निघणार न्हाई." आणि तो पाण्याचा ड्रम दाराशी ओढून ठेवून गेला.

आता दारात बायका, आत भिंत, मध्ये उंबरा. मी आत होते. मी नांदेडची, माझ्या डोक्यावर कधी माळवद पडलेलं नाही, माझं आत जाणं काय मोठंसं. मी पदर खोचला आणि घमेल्यानं भिंतीवर पाणी मारायला लागले. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांना लाज वाटली असती, किंवा मला.

थोड्या वेळानं माझ्या शेजारी एक हात दिसला, खुरपं धरलेला. कोंडाबाई होती. तिचे ओठ हलत होते, ती देवाचं नाव घेत होती की पोरांचं, मला ऐकू आलं नाही. ती वर माळवदाकडे एकदाही बघत नव्हती. मग आणखी एक आली, मग दोघी एकमेकींचा हात धरून. एक उंबऱ्यावरूनच परत फिरली आणि अंगणात बसून रडली, तिला कुणी बोलावलं नाही. बाकीच्या आल्या. कुणी काथ्यानं घासत होतं, कुणी पदराच्या टोकानं, कुणी नुसत्या बोटांनी. सिमेंटनं बोटं जळत होती.

आणि भांडण सुरू झालं. "हा माझा, तांबडा." "न्हाई वं, तांबडा माझ्या जावंचा, तुझा खाली हाय." "मी स्वतः लावलाय, मला सांगू नको." "तुझ्या नवऱ्याचा एवढा मोठा? माणूस तर एवढुसा होता." यावर सगळ्या हसल्या आणि जिच्या नवऱ्याबद्दल बोलणं चाललं होतं तीच जास्त हसली. आप्पांच्या घरात, माळवदाखाली, बायका तावातावानं भांडत होत्या आणि एकीचंही दुसरीला पटत नव्हतं. तू हे ऐकायला हवं होतंस. तुझ्या म्हणण्याप्रमाणे झालं, घरात भांडता येतं, आणि हे तुला सांगायला मी तोंड उघडते तर तू नाहीस. आपला इतक्या वर्षांचा वाद तू असा मेल्यावर जिंकावास, ही कुठली रीत? मला उलट बोलायची संधी तरी द्यायचीस.

मी हा लेख लिहिते आहे. तू नको म्हणाली होतीस तरी. कोंडाबाईला विचारलं, ती म्हणाली, "लिही. आता आम्ही आत गेलाव. आता घर ओस पडत न्हाई." हा निर्णय त्यांचा आहे, तुझा नाही, आणि तुला राग आला असेल तर ये आणि सांग.

दुपार व्हायला आली तेव्हा निम्मी भिंत मोकळी झाली होती. माझे हात खांद्यापासून भरून आले. मी कोंडाबाईला विचारलं, "शकूचा कोणता? आईचा आणि मंगलचा?"

ती हात न थांबवता म्हणाली, "तिनं आणला, पण कुणालाच दाखवला न्हाई. दुसऱ्या गल्लीतल्या बायकांच्या दगडांत मिसळून टाकला. मी विचारलं तर म्हणली, एकदा ठाऊक झाला की मी तेवढाच बघत बसंल."

बायका आपापले दगड धुऊन थोडं थांबत होत्या, हात लावत होत्या, पाणी पीत होत्या. मला थांबता येईना. तुझा कोणता ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी एकही दगड सोडला नाही.